चाँदभाईच्या मातीला

बसा. कंदिलाची वात जरा खाली करा, काच काळी होतेय आणि घासायला माझी म्हातारी आता नाही. ती घोंगडीही घ्या अंगावर. लोणावळ्यात येऊन घोंगडी नको म्हणणारे पुण्याचे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत. दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत गाडीत बसतात.

मी महिपती, टांगेवाला. मराठी तिसरी पास. चौथीत मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली आणि तिथं माझं शिकणं संपलं. मास्तरांचं बसणंही संपलं म्हणा, काही दिवस. तेव्हा माझ्या लिहिण्याबोलण्यात शुद्ध-अशुद्ध शोधू नका. सापडेल, आणि मग तुम्हालाच त्रास होईल.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पावसाळ्यात आमच्याकडं धुकं उतरतं ते असं, की भर दुपारी स्टेशनच्या दाराशी उभं राहिलं तर स्वतःच्या घोडीचं तोंड दिसत नाही. बाहेर टांग्यांची रांग, आतून उतारू येतायत, कोण कुणाचा काही कळायला मार्ग नाही. मग आम्ही काय करतो, तर ज्याला न्यायचंय त्याचं नाव, नाहीतर त्याच्या बंगल्याचं नाव, मोठ्यानं पुकारतो. टांग्याजवळून हलत नाही. ज्याचं नाव तो आवाजाच्या धोरणानं चालत येतो आणि मागं बसतो. वळून बघायची पद्धत नाही. बघून दिसणार काय? टांगा मागून दबला, दांड्या वर उचलल्या, की समजायचं उतारू बसला. आपण जरा पुढं सरकायचं, तोल साधायचा, आणि हाकायचं.

एकदा मी गंमत म्हणून नुसतं "जावईबापू!" असं पुकारलं. चौघे येऊन बसले. त्यातला एक तर स्टेशनमास्तर होता.

या गमतीजमतीत माझा एकच भागीदार. चाँदभाई नालबंद. भांगरवाडीच्या वाटेला त्याचा मांडव होता, माझ्या घोड्यांना बापाच्या वेळेपासून त्याच्याच घरचे नाल. माणूस दिसायला गंभीर, मुल्लाजीपेक्षाही गंभीर, त्यामुळं त्याच्यावर कुणी संशय घेत नसे. मुंबईच्या एका शेटजींना मी सांगितलं, की चाँदभाई माणसांच्या बुटांनाही नाल मारतो, त्यानं घाट चढताना दम लागत नाही. शेटजी खरंच बूट घेऊन गेले. आणि चाँदभाईनं एक अक्षर न बोलता मारून दिले! शेटजी आठवडाभर रस्त्यानं टाप टाप वाजत फिरत होते. आम्ही दोघं मांडवामागं पोटं धरून लोळलो.

त्याचा एकुलता एक पोरगा बद्रुद्दीन. बद्रू म्हणायचो आम्ही. नाल बसवताना घोड्याचा पाय गुडघ्यावर धरून बसायचं काम त्याचं. दहा-अकरा वर्षांचा असेल. एके दिवशी तापलेला नाल खुराला टेकला, धूर निघाला, आणि त्याच वेळी पोराच्या हातून पाय सुटला. घोड्यानं झाडलेली लाथ चाँदभाईच्या मांडीवर बसली. हाड मोडलं. दुखण्याच्या भरात चाँदभाई बोलून गेला, "तू माझ्या काय बी कामाचा न्हाईस. जा निघून." पुढच्याच महिन्यात चाँदभाईच्या बायकोचा, जैतुनबीचा, भाऊ कराचीहून आला होता, तो पोराला धंदा शिकवायला घेऊन गेला. रागानं नव्हे, चांगल्यासाठीच. पण लहान पोराला त्यातला फरक कसा कळावा?

स्टेशनवर मीच नेऊन सोडलं त्यांना. गाडी आली तरी पोरगा टांग्यातून उतरेना. दांडीला दोन्ही हातांनी गच्च धरून बसला. शेवटी चाँदभाईनं कुबडी बाजूला ठेवली आणि त्याचं एकेक बोट सोडवलं. मी तेव्हा काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. कुणी हसलं नाही, एवढं आठवतं.

त्यानंतर बद्रू आला नाही. आज येईन उद्या येईन करत वर्षं गेली, तिकडंच मोठा झाला, तिकडंच विमानांच्या तळावर फिटर म्हणून लागला. चाँदभाई गावभर सांगत फिरायचा, "माझा पोरगा इमानाला नाल मारतो." आणि दुपारच्या गाडीच्या वेळेला लंगडत स्टेशनकडं यायचा. म्हणायचा, "तुझी घोडी बघायला आलतो." घोडीकडं ढुंकूनही बघायचा नाही. उतरणाऱ्यांची तोंडं बघायचा. दहा-अकरा वर्षांच्या पोरांची. मी एकदा म्हणालो, "अरे, आता तो तुझ्यापेक्षा उंच झाला असंल." तो म्हणाला, "व्हय की." आणि पुन्हा पोरांकडंच बघायला लागला.

हे सगळं दुसऱ्या जर्मन लढाईच्या आधीचं. मग एका वर्षी श्रावणात चाँदभाई छातीच्या दुखण्यानं पडला. राजमहंमदनं, त्याच्या धाकट्या भावानं, कराचीला तार केली. उलट तार आली. पोस्टमास्तरांनी ती स्वतः घरी येऊन वाचून दाखवली, कारण तसली तार आमच्या गावात पहिलीच. बद्रू विमानानं निघतोय, साहेबानं टपालाच्या थैल्यांमध्ये बसायला जागा दिली. पावसाळ्यात मुंबईचं विमानांचं मैदान पाण्याखाली जातं, म्हणून त्या महिन्यांत विमान पुण्याला उतरे आणि टपाल तिथून रेल्वेनं पुढं जाई. तेव्हा तारेत शेवटी होतं, पुण्याला उतरून दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला पोचतो. थांबा.

बातमी गावभर झाली. विमानानं येणार म्हणजे आमच्या लोकांना वाटलं, उडाला की पोचला. मधे पाऊस, वारा, मुक्काम असतं काही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चाँदभाईनंही तेवढ्यावरच जीव धरला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "महिपती, मला कबरीत बद्रूच घेईल. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. मी त्याची बोटं सोडवलीती..."

मी म्हणालो, "तू आधी मरून तर दाखव. उधारीवर जगतोयस."

तो हसला. ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेला.

मय्यत फार वेळ ठेवत नाहीत त्यांच्यात. मुल्लाजी भला माणूस. म्हणाले, "दुपारच्या गाडीपर्यंत थांबू. त्या गाडीनं आला तर बरं, न्हाईतर थांबता येणार न्हाई." जैतुनबी दारात बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "महिपतीभाऊ, आना माझ्या पोराला."

म्हणून मी टांगा जोडून निघालो. काम रोजचंच. स्टेशनवर जायचं, उतारू आणायचा. फक्त त्या दिवशी घोडीच्या गळ्यातले घुंगरू मी काढून ठेवले होते.

धुकं असं, की रस्त्याकडेची झाडं जवळ आल्यावर अंगावर यायची. पाऊस नव्हता. पागोळ्यांचा आवाज तेवढा चहूकडून. गाडी आली ती दिसली नाही, ऐकू आली. विजेच्या इंजिनाचं ते घूं-घूं, मग डब्यांचे दरवाजे, मग माणसं. इतर टांगेवाल्यांनी त्या दिवशी गलका केला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं मी कुणासाठी उभा आहे. मी पुकारलं, "बद्रुद्दीन चाँदभाई!"

कुणी आलं नाही.

"बद्रुद्दीन चाँदभाई नालबंद! लोणावळा!"

बंगल्यांचे दोन-चार उतारू गेले. गाडी खंडाळ्याकडं सुटली. तिचा आवाज धुक्यात विरला तरी मी उभाच. घरी जाऊन जैतुनबीला काय सांगू, या विचारानं पाय निघेना. शेवटी मी पुकारलं ते नाव नव्हतंच, तोंडातून आपोआप निघालं ते. ती लहानपणची हाक. "बद्रू... ए बद्रू... घरी चल रं, बाळा."

आणि माझ्या मागं कुणीतरी बसलं.

सवयीनं मी पुढं सरकलो. सरकल्यावर ध्यानात आलं, की दांड्या वर उचललेल्याच नाहीत. टांगा दबलाच नव्हता. वाटलं, पोरगा परमुलखात वाळला असेल. घोडी माझी दांडगट, परक्या माणसाला चावल्याशिवाय बसू देत नसे. ती कान पुढं करून गप्प उभी होती.

"बद्रू?"

"हं."

"एकटाच? सामान?"

"न्हाई काय."

जरा मान वळवून पाहिलं. अंगावर घोंगडीची खोळ, आपल्या मावळातले गुराखी घेतात तशी, डोक्यावरून पार गुडघ्यापर्यंत. आत तोंड कुठं आहे, अंगानं केवढा आहे, तेही कळेना. कराचीहून विमानानं आलेल्या माणसाच्या अंगावर घोंगडीची खोळ! मी मनात म्हटलं, पुण्याला कुणी दिली असेल बिचाऱ्याला. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि जळक्या खुराचा. तो वास माझ्याच कपड्यांचा असेल म्हणून सोडून दिला.

वाटेत काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "इमानात कसं वाटलं रं?"

मग अगदी हळू, "खाली काय बी दिसत न्हाई. नुसतं पांढरं. कुटं जायचं ते कळत न्हाई... मग हाक आली, तवा आलो."

आवाज मोठ्या माणसाचा नव्हता. पण रडून रडून घसा बसला की माणसाचा आवाज कुठलाही होतो.

"काका..."

"काय रं?"

"अब्बा रागावलेत का?"

आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, "बाळा, अब्बा तर सकाळीच..."

"ठावं हाय. पर रागावलेत का?"

"न्हाई रं. तुजीच वाट बघत होता."

"घोड्याचा पाय म्या मुद्दाम सोडला न्हाई, काका. लय गरम वाफ आली तोंडावर. म्हनून सुटला."

एवढा बाप्या माणूस, विमानांचा फिटर, आणि एवढी वर्षं ते मनात धरून बसला होता! मी उभं आयुष्य लोकांच्या फिरक्या घेण्यात घालवलेला माणूस, त्या वेळी नुसता मागं न बघता घोडी हाकत राहिलो. रस्ता दिसत नव्हता, तो धुक्यानं की डोळ्यांतल्या पाण्यानं, देव जाणे.

दारात जैतुनबीनं भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून बाजूला टाकलं. लांबून आलेल्या माणसाला आमच्या सगळ्यांच्या घरी तसंच घेतात, जात कुठलीही असो. मग तिनं दोन्ही हात खोळीच्या आत घातले आणि त्याचं तोंड चाचपलं. मी तिच्या समोर, त्याच्या पाठीशी होतो. मला तोंड दिसलं नाही. तिचं दिसलं. सकाळपासून कोरडी बसलेली बाई, तिच्या डोळ्यांना जी धार लागली ती लागलीच.

"किती गार पडलास रं," एवढंच म्हणाली. त्याचे हात आपल्या हातात घेऊन चोळत बसली. बायकांनी रडून घेतलं. तो बापाच्या उशाशी जाऊन बसला, उकिडवा, गुडघे पोटाशी घेऊन. कुणी कानात म्हणालं, "बापावर गेलाय." मी म्हटलं, "तोंड कुटं दिसलं तुला?" तो म्हणाला, "बसायची ढब बघ की."

कबरस्तानात आधी गेलेल्यांनी डब्यांनी खड्ड्यातलं पाणी उपसून काढलं होतं, तरी कडेनं झिरपत होतंच. धुकं इथं आणखी दाट. चार हातांवरचा माणूस नुसता सावलीसारखा. नमाज झाली. मी टांगा दूर उभा करून मागं थांबलो होतो, पण मुल्लाजींनीच खूण करून पुढं बोलावलं.

खड्ड्यात दोघे उतरले. पायाकडून राजमहंमद, डोक्याकडून खोळीतला तो. वरून आम्ही मय्यत खाली दिली. मी स्वतः हात लावला होता म्हणून सांगतो, चाँदभाई भारी माणूस, ऐरण उचलणारा. पण खालून त्याला असं घेतलं गेलं, जसं झोपलेल्या पोराला कुणी कडेवरून बाजेवर ठेवावं. डोक्याकडच्यानं कफनाची गाठ सोडली, तोंड पश्चिमेला वळवलं. राजमहंमद वर आला. मग वरून त्यानं, मय्यतीवर माती पडू नये म्हणून, पायाकडून एकेक फळी खाली सोडून लावायला सुरुवात केली. फळ्या बसल्या. लोक आपापल्या तीन मुठी टाकायला लागले. मीही टाकल्या. फावडी चालली. वर मातीचा उंचवटा झाला, मुल्लाजींनी दुआ मागितली, आणि आम्ही धुक्यात परत फिरलो.

घरी आल्यावर जैतुनबीनं विचारलं, "बद्रू कुटं हाय?"

एक म्हणाला मशिदीत गेला असेल. दुसरा म्हणाला, साहेबानं थोड्या वेळासाठीच सोडलं असेल, पुण्याची गाडी धरली असेल, विमानाची नोकरी म्हणजे काय खेळ आहे! ते सगळ्यांना पटलं. जैतुनबीनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका पारशी बंगल्याचं नाव पुकारत स्टेशनबाहेर उभा होतो. धुकं जरा विरळ झालं होतं. एक उंच माणूस, जाड मिशा, खाकी कोट, हातात कातडी बॅग, तडक माझ्यासमोर आला.

"महिपतीकाका ना? मी बद्रुद्दीन. अहमदाबादला पावसानं विमान अडकलं, रात्रभर तिथंच पडून होतो. काका, अब्बा..."

मी हसलो. खरंच सांगतो, हसलो. मला वाटलं, इतकी वर्षं मी लोकांना बनवलं, आज कुणीतरी मला बनवतंय. मग तो टांग्यात बसला आणि टांगा मागून असा दबला, की दांड्या वर उचलल्या आणि पोटाखालचा पट्टा घोडीला रुतला.

मी वाटेत सगळं सांगितलं. आधी त्याला वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलंय. घरी राजमहंमदनं तेच सांगितलं, मुल्लाजींनी तेच सांगितलं. तेव्हा तो उठून माझ्यासमोर आला.

"काका, उभा जन्म लोकांना फसवलंत तुम्ही. अब्बा हसायचे म्हणून आम्हीही हसलो. पण माझ्या बापाच्या मय्यतीला? कुठला सोंगाड्या आणून उभा केलात माझ्या जागी?"

"बद्रू, तुज्या बापाची शपथ..."

"त्यांचं नाव घेऊ नका!"

बैठकीतल्या एकानंही माझी बाजू घेतली नाही. का घ्यावी? जावईबापू म्हणून मी ज्यांना बसवलं होतं, त्यातले दोघे तिथंच होते.

तेवढ्यात जैतुनबी आतून आली. त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं पाय धरले. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण जपून, परक्याच्या पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"घोड्याचा पाय का सोडलातास रं?" तिनं विचारलं.

"कुठला घोडा, अम्मा?"

"अब्बाचं हाड मोडलं तवा."

तो आठवायला लागला. प्रामाणिकपणे आठवत होता बिचारा. कपाळावर आठ्या, डोळे बारीक. "लहान होतो मी... घोडा होता काय तो? मला वाटत होतं, अब्बा मांडवावरून पडले म्हणून."

जैतुनबीनं मान फिरवली. "त्यो इसरला नव्हता," एवढंच म्हणाली.

मी सांगतो, माझ्यावरचा आळ मला एवढा लागला नाही, जेवढं त्या पोराचं तोंड लागलं तेव्हा. थैल्यांत बसून, उपाशी, आभाळातून धावत आला होता. आणि त्याच्या जागेवर आधीच कुणी येऊन रडून गेलं होतं.

मग तो म्हणाला, "ठीक आहे. तो माणूस गेला कुठं, सांगा. मी त्याला शोधून आणतो. कबरीतून वर आल्यावर कुठल्या दिशेनं गेला?"

मुल्लाजी म्हणाले, "राजमहंमद, तू त्याच्यासंगं खाली होतास. वर कुनी काढला त्याला?"

राजमहंमद कालपासून घुम्यासारखा बसला होता. भिंतीकडं बघत राहिला. मुल्लाजींनी पुन्हा विचारलं.

"म्या हात न्हाई दिला," राजमहंमद म्हणाला. "मला वाटलं तुमी दिला."

"आमी मातीच्या अंगाला होतो."

"मग... महिपतीनं?"

"मी दुसऱ्या कडंला व्हतो," मी म्हणालो.

मुल्लाजींनी बाकीच्यांना एकेकाला विचारलं. कुणीच हात दिला नव्हता.

"शेवटची फळी," राजमहंमद म्हणाला. "डोक्याकडची. मी वरून धरून खाली सोडीत होतो... मला वाटलं, वल्ली हाय म्हनून निसटली. पर ती निसटली न्हाई. खालून कुनीतरी धरली. आनि सावकाश... आपल्यावर वढून घेतली."

बद्रू ताडकन उठला. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि कबरस्तानाकडं निघाला. आम्ही सगळे मागं. मुल्लाजी सांगत होते, कबर उघडायची नसते, गुन्हा आहे, पण तो ऐकण्याच्या पलीकडं गेला होता. "आत माणूस आहे! जिवंत असेल तर? आणि नसेल तर माझ्या बापाशेजारी कोण झोपलंय? मला माझ्या बापाचं तोंड तरी बघू द्या!"

त्यानं फावडं मारलं. ओली माती, खचकन आत गेलं. पहिलं ढेकूळ उचललं, आणि कबरस्तानाच्या भिंतीजवळून जैतुनबीचा आवाज आला. बायका तिथं येत नाहीत. ती आली होती, पाय चिखलानं भरलेले.

"नको, बाळा."

"अम्मा, तुला कळत नाही."

"तुज्या अब्बानं एका पोराची बोटं सोडवली व्हती," ती म्हणाली. "त्यापायी रोज इस्टेशनावर जाऊन बसायचा. तो पोरगा आला आता. पुन्ना न्हाई सोडवायची बोटं."

"आणि मी? मी कोण मग?"

ती जवळ गेली. या वेळी तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, त्या मिशांसकट. बराच वेळ बघितलं.

"तू त्येचाच," ती म्हणाली. "पर तू मोठा झालास. तुला चालंल."

त्यानं फावडं टाकून दिलं. गुडघ्यांवर बसला आणि एकेक करून तीन मुठी माती टाकली. प्रत्येक मुठीनंतर थांबत होता, कान दिल्यासारखा. आम्हाला काही ऐकू आलं नाही. त्याला आलं की नाही, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

चार दिवस राहिला. जैतुनबी त्याला वाढायची ते ताट पाहुण्याचं असे, दोन पदार्थ जास्त, आग्रह जास्त. घरच्या पोरावर आई ओरडते, याच्यावर ओरडली नाही. परत जाताना मीच स्टेशनवर सोडलं. खिडकीतून त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "काका, आता तरी खरं सांगा. तुमचीच गंमत होती ना?"

इतकी आशा होती हो त्या विचारण्यात! "व्हय" म्हटलं असतं तर त्याचं ओझं उतरलं असतं. शिव्या घालून सुखानं गेला असता. आयुष्यात हजार खोट्या गोष्टी सांगितल्या मी, एक आणखी सांगायला काय लागत होतं? पण चाँदभाईच्या मातीवरून मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली. त्यानं हात सोडून घेतला. पुन्हा तो इकडं आला नाही, आणि आता तर ते कराचीच दुसऱ्या देशात गेलं.

नव्या कबरीची माती पहिल्या पावसाळ्यानंतर बसते, खळगा पडतो. आमच्याकडं इतका पाऊस, की सगळ्यांच्याच बसतात, लोक वरून भर घालतात. चाँदभाईचीही बसली. पण खड्डा एक खणला होता, तो मी स्वतः पाहिला होता, आणि खळगे पडले दोन. एक चाँदभाईएवढा. दुसरा त्याला अगदी लागून, कुशीत शिरल्यासारखा, आखूड. दहा-अकरा वर्षांच्या पोराएवढा.

राजमहंमदनं दोन्हीत माती भरली. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच.

जैतुनबी आता थकलीय. तिला कबरस्तानात जायला कुणी अडवत नाही. दर वर्षी पाऊस सरला की मी तिला टांग्यातून नेतो. ती त्या लहान खळग्याशी बसते आणि कडेनं वितीनं मोजत जाते, सदरा शिवायच्या आधी पोराचं माप घ्यावं तशी. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारीचं वेड. म्हणून मी माझी काठी लावून पाहिली, आणि दर वर्षी काठीवर खूण करत गेलो.

यंदा दिवाळीच्या सुमाराला गेलो होतो. डोक्याकडची बाजू जिथली तिथंच आहे. पायाकडची सरकत सरकत आता चाँदभाईच्या घोट्यापर्यंत येऊन पोचलीय.